वीस वर्षांचे पुस्तकविक्रीचे संकेतस्थळ नव्या व्यवस्थेवर हलवताना आधी काय सांभाळावे?

पुस्तकांची_पेठ (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरात आमचे पुस्तकांचे दुकान आहे आणि त्याला जोडून लहानशी प्रकाशनसंस्थाही आहे. २००६ साली वडिलांनी एका परिचित प्रोग्रामरकडून पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून संकेतस्थळ करून घेतले आणि थोडीफार डागडुजी सोडली तर आजही तेच चालू आहे. त्यावर सुमारे ३,४०० पुस्तकांची नोंद आहे. रोज सरासरी बारा-पंधरा मागण्या येतात आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत हा आकडा शंभराच्या पुढे जातो. आता होस्टिंग कंपनीने कळवले आहे की पीएचपी ५.६ ची सोय येत्या मार्चअखेर बंद होईल. नवी आवृत्ती लावून पाहिली, तर आमचे पान नुसते कोरे दिसते.

दोन व्यावसायिकांकडून दरपत्रके घेतली. एकाचे म्हणणे शॉपिफाय (दरमहा भाड्याने मिळणारे तयार ऑनलाइन दुकान) घ्या, दुसऱ्याचे म्हणणे आपल्याच होस्टिंगवर वर्डप्रेस घेऊन त्यावर वूकॉमर्स हा दुकानाचा जोडप्रोग्राम बसवा. दोघांनीही काम पंधरा दिवसांचे सांगितले, त्यामुळे मला दोघांचीही थोडी धास्तीच वाटते. खरी अडचण अशी की २०१२ पर्यंतची पुस्तकांची वर्णने श्री-लिपी या जुन्या फाँट-प्रणालीत टंकलेली आहेत, त्यानंतरची युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत आहेत आणि काही नोंदींत तर एकाच रकान्यात दोन्ही सापडतात. एका व्यावसायिकाने नमुना म्हणून पन्नास पुस्तके चढवून दाखवली. त्यांतील निम्म्यांची वर्णने रोमन अक्षरांची खिचडी झाली होती आणि आयएसबीएनच्या (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाच्या) जागी सगळीकडे ‘९.७८८१७ई+१२’ असे काहीतरी उमटले होते. एक्सेलमधून फाइल नेल्यामुळे असे झाले, ते नंतर दुरुस्त होईल, असे त्यांचे उत्तर होते.

माझे प्रश्न असे आहेत: दोहोंपैकी कोणती व्यवस्था आमच्यासारख्यांना मानवेल? जुना मजकूर सुखरूप कसा न्यावा? गूगलवर आज जे स्थान आहे ते टिकेल का? आणि जुन्या ग्राहकांची खाती, त्यांचे पासवर्ड यांचे काय होते?

जुना_सर्व्हर

आपल्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो, कारण कोणती व्यवस्था घ्यावी हा यांतला सर्वांत सोपा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शेवटी ठरवले तरी चालते.

मार्चअखेरची तारीख ही स्थलांतराची मुदत मानू नका. आपले पान कोरे दिसते त्याचे कारण बहुधा एवढेच आहे की २००६ च्या काळात डेटाबेसशी बोलण्यासाठी जी फंक्शने सर्रास वापरली जात, ती पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्येच, काढून टाकण्यात आली. जुन्या कोडमध्ये त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय या नव्या संचाची फंक्शने घालून संकेतस्थळ आजच्या आवृत्तीवर चालते करणे हे जाणकार माणसाचे काही दिवसांचे काम आहे. ते आधी करून घ्या. पीएचपी ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे ३१ डिसेंबर २०१८ रोजीच थांबले, त्यामुळे ही डागडुजी एरवीही करायलाच हवी होती. तेवढा खर्च वाया जाईल असे कुणी म्हणेल, पण त्या खर्चात आपल्याला सहा-आठ महिन्यांचा निवांत अवधी मिळतो, आणि मजकुराचे काम घाईत होत नाही हे त्या पन्नास पुस्तकांनी दाखवून दिलेच आहे.

आता मजकुराविषयी. श्री-लिपी किंवा सी-डॅकचे जुने फाँट यांत टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तिथे रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट निघाला की खिचडी दिसते ती यामुळेच. हा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी रूपांतरणे उपलब्ध आहेत, मात्र त्यांना नेमका कोणता फाँट-संच वापरला होता हे सांगावे लागते, आणि श्री-लिपीतही असे संच अनेक आहेत. एकाच रकान्यात दोन्ही प्रकार असतील तर तिथे आणखी काळजी हवी. आपल्या संकेतस्थळावर जुना मजकूर आजही नीट दिसत असेल तर त्याच्याभोवती फाँटचे नाव सांगणारे एचटीएमएलचे टॅग असणार. स्थलांतर करणारे लोक साफसफाई म्हणून सर्वांत आधी तेच टॅग काढून टाकतात, आणि मग कोणता तुकडा श्री-लिपीचा, कोणता युनिकोडचा आणि कोणता खराखुरा इंग्रजी, हे सांगणारी एकमेव खूण नाहीशी होते. आधी टॅगच्या आतला तेवढाच मजकूर रूपांतरित करा, तपासा, आणि टॅग त्यानंतर काढा. किंमत, पृष्ठसंख्या आणि आयएसबीएन या रकान्यांवर रूपांतरण चालवू नका.

युनिकोडचा भागही निर्धोक समजू नका. पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस थेट पाहण्याचे साधन) जाऊन २०१५ च्या सुमाराचे एखादे पुस्तक उघडा. संकेतस्थळावर मराठी नीट दिसते, पण डेटाबेसमध्ये मात्र टोप्या आणि ठिपके लावलेल्या रोमन अक्षरांची माळ दिसते असे आढळले, तर यूटीएफ-८ चा, म्हणजे युनिकोडचा, मजकूर लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांपुरती संकेतपद्धत) म्हणून नोंदवलेल्या रकान्यात बसलेला आहे. लिहिताना आणि वाचताना एकच चूक दोनदा होत असल्यामुळे आजवर ती झाकली गेली. अशा रकान्याचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे संकेतपद्धत, थेट बदलला तर चूक पक्की होते. आधी रकाना बायनरी (नुसत्या कच्च्या संकेतांच्या) प्रकारात न्यायचा आणि तिथून यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये, म्हणजे मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८ मध्ये, असे दोन टप्प्यांत करायचे. अर्थात हे सारे मूळ डेटाबेसवर न करता त्याच्या प्रतीवर करावे.

एक्सेलच्या बाबतीत मी थोडा कडवा आहे. आयएसबीएन तेरा अंकी असतो, एक्सेल त्याला संख्या समजून घातांकात दाखवते, आणि तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. ते नंतर दुरुस्त होत नाहीत, मूळ डेटाबेसमधून पुन्हा आणावे लागतात. ज्यांनी आपल्याला दुरुस्त होईल असे सांगितले त्यांना एकदा विचारून पाहा की कसे.

नाशिकचा_दुकानदार

वरील उत्तर तांत्रिक दृष्ट्या योग्यच असणार, परंतु मी दुकानदार म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझा मसाल्यांचा व्यवसाय आहे. तीन वर्षे वूकॉमर्सवर होतो आणि दर महिन्याला कुठलेतरी प्लगइन (जोडप्रोग्राम) अद्ययावत केले की दुसरे रुसायचे. एकदा शनिवारी रात्री चेकआउटचे पान बंद पडले आणि मला ते सोमवारी कळले. शॉपिफायवर आल्यापासून सर्व्हर, सुरक्षा, बॅकअप यांचा विचारही करावा लागत नाही. आपल्या घरात कुणी तांत्रिक माणूस नसेल तर दरमहा द्यावे लागणारे भाडे हे त्या माणसाच्या पगारापेक्षा स्वस्तच पडते.

खर्चाचा एक मुद्दा मात्र आधी समजून घ्या, कारण मला तो पहिल्या बिलानंतर समजला. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात उपलब्ध नाही, त्यामुळे आपल्याला रेझरपे किंवा पेयूसारखा बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडावा लागतो. तसे केले की शॉपिफाय बेसिक योजनेत प्रत्येक ऑनलाइन व्यवहारावर २ टक्के वेगळे घेते आणि गेटवेचे शुल्क त्यावर असते. मसाल्यात हे सोसते. पुस्तकात कमिशन किती उरते, हे आपल्यालाच ठाऊक.

हिशेबनीस

मी लहान व्यापाऱ्यांची हिशेबाची कामे पाहतो, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. स्थलांतरात त्या हमखास विसरल्या जातात आणि वर्षाअखेरीस आमच्या टेबलावर येतात.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे आपण नोंदणीकृत असाल तर आपला कागद करबीजक नसून बिल ऑफ सप्लाय (करमुक्त विक्रीचे बिल) असतो. तरीही त्याचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा असावा लागतो. नवी व्यवस्था मात्र बहुतेक वेळा आपल्याच मनाने १ या क्रमांकापासून सुरुवात करते. नियमाने एकाहून अधिक मालिका ठेवता येतात, म्हणून नव्या व्यवस्थेसाठी वेगळे आद्याक्षर घेऊन नवी मालिका सुरू करावी आणि जुनी मालिका कोणत्या क्रमांकावर थांबली याची नोंद ठेवावी. एक एप्रिलला बदल केला तर उत्तमच, पण त्यासाठी थांबण्याचे बंधन नाही.

दुसरे असे की हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. नव्या व्यवस्थेत जुन्या मागण्या नेल्या नाहीत तरी चालेल, पण जुना डेटाबेस वाचता येईल अशा स्वरूपात घरी असला पाहिजे. मात्र त्यात चुकून कुणाच्या कार्डाचे क्रमांक साठवलेले आढळले तर ते पुसून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला कार्डाचा तपशील साठवता येत नाही.

पुस्तकांची_पेठ

सर्वांचे मनापासून आभार. जुना_सर्व्हर यांनी सांगितल्याप्रमाणे डेटाबेस उघडून पाहिला आणि खरोखरच टोप्या लावलेली अक्षरे दिसली. श्री-लिपीच्या मजकुराभोवतीचे टॅगही शाबूत आहेत, त्यामुळे जीव भांड्यात पडला.

दोन गोष्टी मी पहिल्या वेळी सांगितल्या नाहीत, कारण त्या महत्त्वाच्या असतील असे वाटले नव्हते. आमच्या प्रकाशनाच्या पुस्तकांवर २०१६ पासून मलपृष्ठावर क्यूआर कोड छापलेला आहे आणि तो संकेतस्थळावरील त्या त्या पुस्तकाच्या पानाकडे जातो. अशा साधारण सव्वाशे पुस्तकांच्या प्रती आज लोकांच्या घरांत आणि ग्रंथालयांत आहेत. ते पत्ते ‘डिटेल डॉट पीएचपी’ आणि पुढे प्रश्नचिन्हानंतर पुस्तकाचा क्रमांक अशा स्वरूपाचे आहेत. दुसरी गोष्ट अशी की डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कुणाच्या नावावर आहे हे शोधले, तेव्हा ते वडिलांच्या नावावर नसून त्या परिचित प्रोग्रामरच्या खात्यात असल्याचे कळले. ते गृहस्थ आता पुण्याला असतात आणि संबंध चांगले आहेत.

जुना_सर्व्हर

संबंध चांगले आहेत तोवरच डोमेन आपल्या खात्यात घ्या. बाकी सगळी कामे त्यानंतर. त्यांनी कुलूप काढून हस्तांतरणाचा संकेत दिला की काम साधारण आठवडाभरात होते. त्यांच्याच रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) आपण खाते उघडले तर त्याहून लवकर होते. मुदत संपण्याची तारीख त्याच वेळी पाहून घ्या.

क्यूआर कोडच्या माहितीने मात्र चित्र बदलले. कागदावर छापलेला पत्ता आता बदलता येत नाही. एरवी जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे नेणारे ३०१ रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत अशी गूगलची शिफारस असते. आपल्याला ते कायमचेच ठेवावे लागतील. प्रश्नचिन्हानंतरच्या क्रमांकावरून योग्य पुस्तक शोधायचे असल्यामुळे अपाची या सर्व्हर-प्रणालीचा साधा रिडायरेक्ट नियम इथे पुरत नाही, कारण तो प्रश्नचिन्हापुढचा भाग पाहतच नाही. माझ्या मते सर्वांत सुटसुटीत उपाय असा की नव्या सर्व्हरवर त्याच नावाची दहा-बारा ओळींची डिटेल डॉट पीएचपी फाइल ठेवावी. तिने जुना क्रमांक घ्यावा, जुने-नवे जोडणाऱ्या तक्त्यात पाहावे आणि ३०१ देऊन वाचकाला पुढे धाडावे. वूकॉमर्समध्ये होस्टिंग आपल्या हातात असते, म्हणून हे शक्य होते. शॉपिफायवर आपली फाइल अशी ठेवता येत नाही आणि तिथल्या पत्त्यांची घडणही ठरलेली असते, वस्तूचे पान ‘प्रॉडक्ट्स’ याच शब्दाखाली येते. नाशिकच्या बंधूंचा देखभालीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि क्यूआर कोड नसते तर कदाचित मीही तेच सुचवले असते. आपल्या बाबतीत मात्र मी वूकॉमर्स घेईन, प्लगइनांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवीन आणि देखभालीचा वार्षिक करार करीन.

सापडत नाहीत त्या सगळ्या जुन्या पानांना मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. गूगल अशा रिडायरेक्टकडे पान हरवल्यासारखेच पाहते, आणि पुस्तक स्कॅन करून आलेल्या वाचकाला तर काहीच कळत नाही. डोमेन तेच राहणार असल्याने सर्च कन्सोल या गूगलच्या साधनातील पत्ताबदलाचा अर्ज करण्याची गरज नाही. नवा साइटमॅप (सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी) दिला आणि पुढचे काही आठवडे न सापडणाऱ्या पानांची यादी पाहत राहिलात की पुरे. शिवाय श्री-लिपीतल्या वर्णनांची गूगलला आजवर खिचडीच दिसत होती, त्यामुळे त्या पुस्तकांच्या बाबतीत गमावण्यासारखे काही नाही. युनिकोड झाल्यावर ती पहिल्यांदाच मराठीत शोधली की सापडू लागतील.

पासवर्डचे काय, हेही विचारले होते. २००६ च्या कोडमध्ये ते बहुधा साध्या एमडी-५ या जुन्या सांकेतिक स्वरूपात असतील. वर्डप्रेस जुन्या सवयीपोटी असा एमडी-५ आजही ओळखते आणि ग्राहक पहिल्यांदा आत आला की नव्या, मजबूत स्वरूपात तो बदलून ठेवते. मात्र कोडमध्ये त्याला सॉल्ट, म्हणजे जादा अक्षरे, जोडलेले असेल तर ही सोय चालत नाही. मग सर्वांना पासवर्ड नव्याने घेण्याची विनंती करणारी एक नम्र ईमेल पाठवावी.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवसाविषयी. डीएनएसच्या (डोमेनला सर्व्हरशी जोडणाऱ्या) नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद किती वेळ जपून ठेवायची ती मुदत, बहुधा एका दिवसाचा, म्हणजे ८६,४०० सेकंदांचा असेल. तो दोन-तीन दिवस आधीच ३०० वर आणा. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असाल तर आधी एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम या ईमेलशी संबंधित नोंदी जशाच्या तशा उतरवून घ्या. माझ्या पाहण्यातल्या एका दुकानाचे संकेतस्थळ छान सुरू झाले होते, पण त्यांच्या ईमेल चार दिवस कुठेच पोहोचत नव्हत्या आणि मागण्याच कमी झाल्या अशी त्यांची समजूत झाली होती. बदलाच्या रात्री जुन्या संकेतस्थळावर पुस्तके दिसू द्या, फक्त खरेदी बंद ठेवा, म्हणजे दोन डेटाबेसमध्ये मागण्या विभागल्या जाणार नाहीत. गेटवेच्या खात्यातील वेबहुकचा, म्हणजे पैसे मिळाल्याची खबर जिथे पाठवायची तो, पत्ता बदलला नाही तर ग्राहकाचे पैसे कापले जातात पण मागणी नोंदली जात नाही, आणि तो फोन दुकानावर येतो. शिवाय वर्डप्रेसमध्ये चाचणीच्या काळात ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ ही चौकट टिचकी मारून ठेवलेली असते. ती खूण संकेतस्थळ खुले करण्याच्या दिवशी काढायला विसरलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की आता ते काम यादीत सर्वांत वर लिहितो.

नाशिकचा_दुकानदार

क्यूआर कोडचे ऐकल्यावर माझाही सल्ला बदलला, वूकॉमर्सच घ्या. वेळेविषयी मात्र एक सुचवतो: पितृपक्षात खरेदी कमी असते म्हणून आम्ही बरेच जण असे बदल त्या पंधरवड्यात करतो.

पुस्तकांची_पेठ

पितृपक्ष आम्हाला चालणार नाही, कारण दिवाळी अंकांच्या संचांची आगाऊ नोंदणी नेमकी तेव्हाच सुरू होते. आधी जुना कोड दुरुस्त करून मार्चचा प्रश्न मिटवायचा, पावसाळाभर मजकूर तपासायचा आणि दिवाळीची गर्दी ओसरल्यावर जानेवारीत बदल करायचा, असे ठरवले आहे. डोमेनसाठी काल पुण्याला फोन केला, ते लगेच तयार झाले.

रूपांतर केलेली पहिली दोनशे पुस्तके आम्ही दोघा बहिणींनी वाचून पाहिली. डोळ्यांना सगळे बरोबर दिसते, तरी शोधाच्या चौकटीत ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकला की काही पुस्तके सापडतात आणि काही सापडत नाहीत. हे कशामुळे होत असावे? शिवाय लांब नावांच्या पुस्तकांचे पत्ते मध्येच तुटलेले दिसतात.

जुना_सर्व्हर

तो अर्ध्या र चा घोळ आहे. ‘ऱ्या’ मधला र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, म्हणजे ‘दुसऱ्या’, आणि दुसरा साध्या र ला हलन्त व न दिसणारा जोडणारा संकेत लावून, म्हणजे ‘दुसर्‍या’. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, आणि आपले रूपांतरण एक पद्धत वापरते तर आपला कळफलक दुसरी. असाच प्रकार ‘ॲ’ चा होतो. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि कित्येक कळफलक नंतरही तसेच राहिले. दोन्हींसाठी एकच रूप ठरवून सगळ्या डेटाबेसवर बदल चालवा, आणि ग्राहकाने शोधात टंकलेला शब्दही शोधण्याआधी त्याच रूपात आणा.

पत्ते तुटतात त्याचे कारण असे की वर्डप्रेस पत्त्यातला पुस्तकाच्या नावाचा भाग टक्केचिन्हांच्या संकेतात साठवते आणि त्यासाठी २०० वर्णांचीच जागा असते. देवनागरीचे एकेक चिन्ह तिथे नऊ वर्ण खाते, आणि काना, वेलांटी, हलन्त हेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे बाविसाव्या चिन्हापाशी नाव संपते. मी अशा ठिकाणी रोमन लिपीतले छोटे नाव आणि त्यापुढे आपला जुनाच पुस्तक-क्रमांक असा पत्ता ठेवतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो लांबलचक होत नाही, आणि जुने-नवे जोडणारा तक्ताही त्याच क्रमांकावरून आपोआप तयार होतो.